मोहनदादाच्या हातातला झेंडा

ठाकुरद्वार, मुंबई
१४ नोव्हेंबर १९५९

चि. अच्युत,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक. तूही बरा असशील, कारण तुझ्या घरमालकिणीने तुझ्या जेवणाचं भरभरून वर्णन केलंय.

दचकलास ना? हो, मिसेस हॉलिसचं मला पत्र आलं. चार पानं इंग्रजी. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन दुपारी वाचत बसले. बाई मनाची चांगली वाटली. लिहिते, की गेल्या महिन्यात त्यांच्या चर्चमध्ये गावजेवण झालं, तिथे तू उभा राहून तुझ्या भावाच्या मरणाची हकिकत सांगितलीस आणि सगळी दीडशे माणसं रडली. मला 'शूर पत्नी' म्हटलंय. वाचून मी सवयीने मान खाली घातली. इथे तरी दुसरं काय करते? छप्पनच्या जानेवारीतल्या गोळीबारात हे गेले, तेव्हापासून या गल्लीत मी दुर्गा राहिलेच नाही. हुतात्म्याची बायको झाले. वाणीसुद्धा रांगेतून पुढे बोलावतो.

कालिंदी दुसरीत गेली. परवा शाळेत 'माझे बाबा' यावर पाच वाक्यं म्हणून दाखवली. पहिलंच वाक्य, 'माझे बाबा हातात झेंडा घेऊन मेले.' बाईंनी उचलून टेबलावर उभं केलं तिला.

आता मुद्द्याचं. बाई लिहिते, 'तुम्ही शिवलेली ती निळी पिशवी मी स्वतःच्या हातांत धरली.' कुठली रे पिशवी? आणि तू सांगितलंस तरी काय? तू तर त्या दिवशी फोर्टात, ऑफिसात अडकला होतास. भाऊ पडला ते तुला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं. मग दीडशे माणसं रडतील असं तुझ्यापाशी होतं काय?

सहज विचारतेय. उलट टपाली कळव.

तुझी वहिनी,
दुर्गा


एल्मरिज, ओहायो
२७ नोव्हेंबर १९५९

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. मिसेस हॉलिसने मला न विचारता तुम्हाला लिहिलं याचं वाईट वाटलं. बाई भोळी आहे, पण गप्प बसणं तिला माहीत नाही. तिला तुम्ही उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका, मी तिला तुमचे आभार कळवले आहेत.

तुम्हाला इथली रीत समजावून सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. आपल्याकडे नवा माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो, मग कुठले, मग अमक्यांचे कोण, की झाली ओळख. इथे कूळ नाही, कुलदैवत नाही. इथे विचारतात, 'तुमची गोष्ट काय?' आणि माणसं सांगतात हो! न लाजता, उभं राहून. सुगीच्या जेवणाला प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची असा या गावाचा शिरस्ता आहे. आमच्या बेकरीवाल्याने आजोबांचा एक बूट आणला होता. नॉर्वेहून येताना दुसरा समुद्रात पडला म्हणे. दर वर्षी तोच बूट, तीच गोष्ट, आणि दर वर्षी लोक तितक्याच आवडीने ऐकतात. एकजण रिकामी बाटली घेऊन उभा राहिला. म्हणाला, मी दारूत शेत घालवलं, बायकोवर हात टाकला, आता नऊ वर्षं थेंब घेतला नाही. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या! आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर त्याच्या मुलींची लग्नं अडली असती.

वहिनी, दोन वर्षं मी या गावात पाहुणा होतो. सगळे हसून बोलायचे, पण मी गेलो असतो तर कोणाला पत्ता लागला नसता. ज्याची गोष्ट नाही तो इथे कोणीच नाही. म्हणून मीही दादाविषयी चार शब्द बोललो. काही विशेष नाही, तुम्हाला ठाऊक आहे तेच. दुसऱ्या दिवसापासून पोस्टातला माणूससुद्धा मला नावाने हाक मारतो. आता आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी येतात.

पिशवी म्हणजे निघताना तुम्ही सांबार मसाला घालून दिली होती ती. दाखवायला घरचं दुसरं काही नव्हतं.

कालिंदीला गोड पापा.

आपला,
अच्युत


ठाकुरद्वार
२ जानेवारी १९६०

चि. अच्युत,

आशीर्वाद. तू नको म्हणालास म्हणून मी मिसेस हॉलिसला लिहिलं. खरंच सांगते, नको म्हणाला नसतास तर कदाचित कंटाळा केला असता. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं भांडं आधी बघावं, असं माझी आई म्हणायची.

मी विचारलं, पिशवी कशी आहे? तिचं उत्तर नाताळात आलं. 'निळं सुती कापड, लाल नाडी, आणि तळाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने काढलेलं इंग्रजी डी.'

अच्युत, मसाला मी तुला खाकी पिशवीत दिला होता. घट्ट विणीचं कापड मुद्दाम लालबागेहून आणलं होतं, वास बाहेर येऊ नये म्हणून. निळी पिशवी माझ्या जुन्या परकराची. इंग्रजी शिकत होते तेव्हा हौसेने त्यावर डी काढला. ती एकच होती. आणि ती घरातून शेवटची गेली ती ह्यांच्या हातातून, त्या दिवशी सकाळी.

आता मी तुला जे सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही. गल्लीतल्या चिंतामणी भाऊंना नाही, माझ्या आईला नाही. हे त्या दिवशी चळवळीला गेलेच नव्हते. मी पाठवलं होतं त्यांना. कोळंबी आणायला! चार दिवस संचारबंदी, घरात नुसतं वरण-भात. आपल्या परभूंच्या घरात चार दिवस मासळी नाही म्हणजे सुतकच. सकाळी दोन तास बंदी उठली, कोळीण नाक्यावर आल्याचं कळलं, आणि मी म्हटलं, 'जा ना, कोळंबी मिळाली तर खडखडलं करते.' हे पेपर वाचत होते. उठायला तयार नव्हते. मीच मागे लागले.

दुपारी चिंतामणी भाऊ दारात रडत आले. म्हणाले, 'वहिनी, मोहन झेंडा घट्ट धरून पडला, सोडवता सोडवेना.' कोळंबी आणायला गेलेल्याला कोण हार घालतो? सगळे झेंडा म्हणाले, मीही झेंडा म्हणाले.

पण पिशवी कुठे गेली, हा किडा तेव्हापासून डोक्यात वळवळतोय. आणि झेंडा आला कुठून? आता मराठी राज्य होणार हे ठरलंय म्हणतात. चिंतामणी भाऊ गल्लीच्या तोंडाशी ह्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवताहेत. त्याआधी मला कळलं पाहिजे.

माझी पिशवी तुझ्या ट्रंकेत कशी?

दुर्गा


एल्मरिज
१५ जानेवारी १९६०

ती. वहिनीस,

सा. न. तुमचं पत्र वाचून काळजी वाटली. तुम्ही फार विचार करता. कोळंबीचं मनाला लावून घेऊ नका, त्यात तुमचा काय दोष?

पिशवीचं मला आता आठवलं. त्या संध्याकाळी घरी येताना नाक्यावर पडलेली दिसली, ओळखीची वाटली म्हणून उचलली. तुम्हाला दाखवली असती तर तुम्हाला त्रास झाला असता, म्हणून दाखवली नाही. एवढंच आहे.

परीक्षा जवळ आली आहे. यापुढे पत्राला उशीर झाला तर राग मानू नये.

अच्युत


ठाकुरद्वार
३० जानेवारी १९६०

अच्युत,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

त्या संध्याकाळी नाक्यावर पोलिसांचा पहारा होता. मुंगीला फिरकू देत नव्हते. तू मागच्या बोळातून, भिंतीवरून उडी मारून आलास. मी तुझा खरचटलेला गुडघा धुतला, विसरलास? मग नाक्यावरची पिशवी तू उचललीस कधी?

कुठेतरी पाणी मुरतंय. तुला मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी मी मिसेस हॉलिसलाही दुसरं पत्र घातलं होतं. तू तिकडे सांगतोस ते तिने सगळं लिहून पाठवलं. तू दादाला मागे ओढायला धावलास म्हणे. त्यांनी झेंडा उंच धरला, पिशवी तुझ्या अंगावर फेकली आणि म्हणाले, 'जा, जगाला सांग आम्ही कशासाठी मेलो!' अरे, हे कोण बोललं? ज्या माणसाला 'भाजीत मीठ कमी आहे' एवढं सांगायलासुद्धा अर्धं जेवण लागायचं, तो माणूस असं बोलेल? दीडशे अमेरिकन रडले असतील, मी नाही रडले. मला हसूही आलं नाही.

म्हणजे तू तिथे होतास. हे मला तू नाही, ओहायोतल्या एका परक्या बाईने सांगितलं.

आता माझ्या मनात काय काय येतं ते ऐक. दोघं भाऊ मिळून चळवळीत होतात आणि मला घरात भाजी निवडायला ठेवलंत? की तू त्यांना ओढून नेलंस? की तिथे तुमचं भांडण झालं? चार वर्षं मी ह्यांच्या सदऱ्यांचे खिसे उलटे करून बघतेय. एखादी चिठ्ठी, एखादी पावती, काहीतरी. काही सापडत नाही. गल्ली म्हणते, 'तुम्हालासुद्धा पत्ता लागू दिला नाही, काय माणूस!' लोकांना त्याचं कौतुक. माझ्या मात्र काळजाला घरं पडतात. नऊ वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो मला ठाऊकच नव्हता का?

मला सूड नको, पोलीस नको. तू तिथेच राहा, लग्न कर, बूटवाल्याच्या शेजारी घर बांध. फक्त एक सांग. माझा नवरा कोण होता?

दुर्गा


एल्मरिज
३ एप्रिल १९६०

ती. वहिनी,

दोन महिने पत्र लिहून फाडतोय. आज फाडणार नाही.

झेंडा माझा होता.

मी त्या दिवशी फोर्टात नव्हतो. सकाळी ऑफिसला जातो सांगून निघालो आणि ठाकुरद्वारच्या नाक्यावर पोरांत जाऊन मिळालो. सगळे घोषणा देत होते, मीही देत होतो. खरं सांगतो, देशासाठी नाही, मजा वाटत होती म्हणून. कोणीतरी हातात झेंडा दिला. तेवढ्यात समोरून दादा येताना दिसला. लेंगा, सदरा, हातात तुमची पिशवी. मला बघून त्याचा चेहराच उतरला. माझा स्कॉलरशिपचा अर्ज गेला होता, पासपोर्टासाठी पोलीस चौकशी व्हायची होती, त्याला सगळं ठाऊक होतं. तो थेट माझ्याजवळ आला. झेंडा माझ्या हातातून काढून घेतला आणि पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, 'पिशवीवाल्याला कोणी पकडत नाही. सरळ चालत घरी जा. मी हे कुठेतरी ठेवून येतो.' मी दोन पावलं गेलो तर मागून हाक मारली, 'अच्युत, रमतगमत जाऊ नकोस, कोळंबी नासेल.'

हे त्याचे शेवटचे शब्द. जगाला सांग वगैरे काही नाही.

तो झेंडा गुंडाळत होता, तोच वळणावरून पोलिसांची लॉरी आली. गोळ्यांचा आवाज ऐकला. मी मागे वळलो नाही, वहिनी. सरळ चालत राहिलो, त्याने सांगितलं होतं तसा. एका मित्राच्या जिन्याखाली संध्याकाळपर्यंत बसून होतो. कोळंबी तिथेच टाकली. पिशवी टाकवली नाही.

घरी आलो तर सगळे 'हातात झेंडा, हातात झेंडा' म्हणत होते. एक वाक्य बोललो असतो तर सगळं उलगडलं असतं. पण तुम्ही गप्प होता. मला वाटलं, तुम्हाला हेच बरं वाटतंय. मग माझा पासपोर्ट आला.

इथे पहिल्यांदा सांगायला उभा राहिलो तेव्हा खरंच सांगणार होतो. त्या दारूवाल्याला मिठ्या मारल्या, मलाही मारतील असं वाटलं. झेंड्यापर्यंत आलो आणि समोरच्या बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, 'मग तू काय केलंस?' तोंडातून ते दुसरंच निघालं, आणि लोक उठून उभे राहिले. मग दर गावी तेच सांगत गेलो. आता इथला प्रत्येक माणूस मला त्या गोष्टीवरून ओळखतो. नोकरीची शिफारससुद्धा तिच्यावर झाली आहे. ती काढून घेतली तर माझं इथे काय उरतं ते मला माहीत नाही.

तुमच्याकडे माफी मागायचं तोंड नाही. दादा तुमच्यापासून काही लपवत नव्हता. तो फक्त कोळंबी घेऊन घरी येत होता.

अच्युत


ठाकुरद्वार
६ मे १९६०

चि. अच्युत,

आशीर्वाद. तुला माफ केलं असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. पुढेमागे जमेल. मोठ्या भावाला रस्त्यावर टाकून तू गेलास, आणि माझ्या हातून गुडघा धुवून घेतलास. त्या रात्री तुला मी पेज करून दिली होती!

पण तुझं पत्र वाचताना 'कोळंबी नासेल' इथे आले आणि मी मोठ्याने हसले. कालिंदी घाबरून बघायला आली. अरे, हेच रे ते! अगदी हेच. चार वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा आवाज जसाच्या तसा कानात आला. मग पदर तोंडात कोंबून अशी रडले की शेजारची गंगुबाई पाणी घेऊन धावली. माझा माणूस मला ठाऊक होता. मी नऊ वर्षं त्यालाच ओळखत होते. ह्यांनी झेंडा घेतला तो तुझ्यासाठी. त्यात मला नवल काहीच वाटलं नाही. तुझी फी भरायला ह्यांनी मित्रांबरोबरची गाणगापूरची जत्रा दोनदा बुडवली होती.

एक तारखेला राज्य झालं. गल्लीत दिवे, पताका, सनई. पाटीवरचं कापड ओढायला मला नेलं आणि चिंतामणी भाऊंनी माईक हातात दिला, 'दोन शब्द बोला, वहिनी.' मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी सगळं बोलले. म्हटलं, हे चळवळीला गेले नव्हते. मी कोळंबी आणायला पाठवलं होतं. झेंडा ह्यांच्या भावाचा होता, भावावर बालंट येऊ नये म्हणून ह्यांनी हातात घेतला. ज्यांना हार घालायचाय त्यांनी हे जाणून घाला.

वाटलं, आता दगड येतील. आल्या त्या टाळ्या! अशा टाळ्या की सनई बुडाली. भाऊ डोळे पुसत माईकवर म्हणाले, 'बघा, बंधूंनो, हुतात्म्याची पत्नी! केवढा हा विनय!' बायका येऊन पाया पडल्या. एकजण म्हणाली, दुःखाने माणसाचं असं होतं हो, आमच्या जाऊबाईंचंही झालं होतं. मी ओरडून सांगितलं, अहो खरं बोलतेय मी! त्यावर आणखी टाळ्या. तुझ्या गावाने तुझं खोटं डोक्यावर घेतलं, माझ्या गल्लीने माझं खरं ऐकूनच घेतलं नाही. त्यांनाही मी दोष देत नाही. चार वर्षं त्यांच्या पोरांनी ही गोष्ट ऐकून छाती पुढे काढलीय, ती मी एका संध्याकाळी कशी काढून घेणार?

गल्लीचं जाऊ दे. घरी आल्यावर कालिंदी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, 'आई, तू सगळ्यांसमोर खोटं का बोललीस? बाबा काही कोळंबी आणायला गेले नव्हते.' मी समजावलं, ओरडले, पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, 'काका इथे नाहीत. तूच लिहिलं असशील.' सात वर्षांची पोर माझ्यावर संशय घेते. तो मीच तिला शिकवलाय, माझ्या गप्प बसण्याने.

तेव्हा शिक्षण पुरं झालं की ये. तिकडची नोकरी, ती माणसं, ती तुझी मिळवलेली ओळख, सगळं सोडून ये म्हणतेय, मला कळतंय. तिथे परक्यांसमोर उभा राहून बोललास. आता इथे, स्वयंपाकघरात, या एका मुलीसमोर बस. तिने 'मग तुम्ही काय केलंत?' विचारलं तर खरं उत्तर दे. ती तुझा तिरस्कार करेल, माझाही करेल. करू दे.

गल्लीकडे तिचा हुतात्मा राहू दे. माझ्या मुलीला तिचे बाबा आणून दे.

तुझी वहिनी,
दुर्गा